पडद्यावरचा मुंढा, कापडावरची बाही: डिजिटल पॅटर्न शिकवताना मी काय करते

सोलापूरच्या एका गणवेश कारखान्यात मी अकरा वर्षं पॅटर्नच्या, म्हणजे कापड कापायच्या कागदी साच्यांच्या, टेबलावर काढली. शाळेचे शर्ट, पिनाफोर, हाफ पँट. एक पॅटर्न चुकला की हजार नग चुकायचे, त्यामुळे दोनदा मोजायची सवय लागली ती कायमची. गेली नऊ वर्षं पुण्यात फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला डिजिटल पॅटर्न आणि शिवण हे दोन्ही विषय शिकवते. नव्याने शिकवायला लागलेल्या तिघी-चौघींनी हल्ली एकच प्रश्न विचारला, "मॅडम, आधी हाताने शिकवायचं की आधी कॉम्प्युटरवर?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं, ते इथे सलग लिहिते.

माझं उत्तर असं की दोन्ही एकाच आठवड्यात. सोमवारी पडद्यावर काढलेली रेष गुरुवारपर्यंत मांजरपाटावर शिवून अंगावर चढली पाहिजे, आणि अंगावर दिसलेली चूक त्याच आठवड्यात फाइलमध्ये परत गेली पाहिजे. हे दोन विषय वेगवेगळ्या सत्रांत ठेवले की घोळ होतो. कॉम्प्युटरच्या तासाला मुलं सुबक रेषा काढतात, शिवणाच्या तासाला कुणाचं तरी आयतं पेपर कटिंग वापरतात. दोन्हींत पास होतात, पण आपण काढलेली रेष अंगावर कशी बसते हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. वेळापत्रक तुमच्या हातात नसेल तर निदान शिवण शिकवणाऱ्या सहकाऱ्याशी बोला आणि दोन्ही तासांना कपडा एकच ठेवा.

कपडा: फोर टक्स ब्लाउज

बहुतेक ठिकाणी सुरुवात सरळ स्कर्टने होते. स्कर्ट सोपा, दोन टक्स (अंगाच्या आकारासाठी कापडात शिवलेल्या चिमटी), दोन शिलाया. मी सुरुवात साडीच्या ब्लाउजने करते, कारण ब्लाउजमध्ये चूक लपत नाही. अंगाला इतका लगटून बसणारा, तरी न ताणणाऱ्या कापडाचा दुसरा कपडा रोजच्या वापरात नाही. त्यात टक्स आहेत, मुंढा (बाही जोडायची गोल कड) आहे, बाही आहे, गळ्याची पट्टी आहे, हुकपट्टी आहे, अस्तर आहे. शिवाय प्रत्येक मुलीच्या घरी ब्लाउजच्या फिटिंगबद्दल ठाम मत असलेली दोन-तीन माणसं असतात. स्कर्टचा घेर दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर आई काही बोलत नाही. मुंढा काचला तर ती पहिल्या मिनिटाला सांगते. असा परीक्षक वर्गाला फुकट मिळतो, तो सोडू नका. मुलग्यांनाही हाच कपडा देते. त्यांनी वर्गातल्या एका मुलीच्या किंवा घरातल्या कुणाच्या मापावर करायचा.

कटोरी आणि प्रिन्सेस कट हे ब्लाउजचे दुसरे प्रकार नंतर. फोर टक्स अंगवळणी पडला की कटोरी म्हणजे तेच टक्स वेगळ्या जागी उघडलेत, हे मुलांना आपोआप दिसतं.

माप घेण्यावर आठवडा घालवा

पहिला पूर्ण आठवडा मी कॉम्प्युटर सुरूच करत नाही. वर्गातल्या सगळ्या टेप आधी स्टीलच्या पट्टीला लावून पाहायच्या. कापडी टेप वापरून वापरून ताणते. आमच्याकडे एक टेप १५० सेंटिमीटरला जवळजवळ एक सेंटिमीटर लांब निघाली होती, आणि त्याच टेपने दोन बॅचची मापं घेतली गेली होती. अशी टेप लगेच कापून टाका, कपाटात ठेवलीत तर ती परत बाहेर येते.

मग प्रत्येकीचं माप दोघींनी वेगवेगळं घ्यायचं, एकमेकींचे आकडे न पाहता. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. छाती, छातीखाली, कंबर, खांदा, पाठीची उंची, खांद्यापासून छातीच्या पॉइंटपर्यंत, दोन पॉइंटमधलं अंतर, दंडाचा घेर. शेवटची तीन मापं मुलं चुकवतात किंवा तक्त्यातून उचलतात, आणि ब्लाउज नेमका तिथेच बिघडतो.

तयार तक्ता का चालत नाही, असं मुलं विचारतात. त्यांना सांगते की आपल्याकडे वापरातले बरेच तक्ते परदेशी अंगांवरून आलेले आहेत. म्हणूनच वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट ही सरकारी फॅशन शिक्षणसंस्था यांनी 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला: मुंबईसह सहा शहरांत, थ्रीडी स्कॅनरने, २५ हजार लोकांची मापं घ्यायची असं उद्दिष्ट ठेवून. देशाला स्वतःचा तक्ता हवा म्हणून एवढी खटपट होते, तर एका ब्लाउजसाठी आपण समोरच्या बाईला टेप लावायचा कंटाळा का करावा?

सूत आणि दशांश

ही गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेली नाही, पण माझ्या वर्गात सगळ्यात जास्त कापड हिने वाया घालवलंय.

शिंपीकामाच्या घरातली मुलं सूताच्या भाषेत मोजतात. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. 'नऊ इंच सहा सूत' म्हणजे पावणेदहा इंच. पंढरपूरहून आलेल्या एका मुलीचा हात फार सुरेख होता, वडिलांच्या दुकानात लहानपणापासून बसलेली. कागदावर तिचा ड्राफ्ट कधी चुकायचा नाही, पण कॉम्प्युटरवर काढलेला तिचा ब्लाउज प्रत्येक वेळी घट्ट व्हायचा. मी तीन आठवडे तिच्या मुंढ्यात आणि टक्समध्ये चूक शोधत होते. शेवटी तिच्या शेजारी बसून ती आकडे भरताना पाहिलं. नऊ इंच सहा सूतासाठी ती ९.६ टाइप करत होती. सहा सूत म्हणजे ०.७५ इंच, म्हणून तिथे ९.७५ हवं. घेराच्या एका पाव भागात ०.१५ इंच कमी, चारही पाव भाग मिळून ०.६ इंच, म्हणजे पंधरा मिलिमीटर. एवढ्यात हुक लागत नाही.

त्या दिवशी भिंतीवर तक्ता लावला, तो अजून आहे: १ सूत ०.१२५, २ सूत ०.२५, ३ सूत ०.३७५, ४ सूत ०.५, ५ सूत ०.६२५, ६ सूत ०.७५, ७ सूत ०.८७५. आणि सूत सोडायला मी कुणाला सांगत नाही. दुकानात, कारागिराशी बोलताना तीच भाषा लागते. दोन्ही भाषा यायला हव्यात आणि कुठे कोणती बोलायची हे कळायला हवं. ज्यांना आधीपासून सवय नाही त्यांना मी सरळ सेंटिमीटरमध्ये शिकवते.

सॉफ्टवेअर

यावर लोक फार वेळ घालवतात. कारखान्यांत गर्बर अ‍ॅक्युमार्क, लेक्ट्रा, ऑप्टिटेक्स, टुकाकॅड असं काय काय चालतं. २०२१ मध्ये लेक्ट्राने गर्बर विकतच घेतली. कॉलेजात जे असेल ते शिकवा. मुलांच्या स्वतःच्या लॅपटॉपसाठी मी सीमली-टूडी सुचवते. ते मोफत आहे, साध्या मशीनवर चालतं आणि घरी सराव करता येतो. रेषेमागचा विचार कळलेल्या मुलाला दुसऱ्या सॉफ्टवेअरची बटणं शोधायला थोडेच दिवस लागतात.

सीमली-टूडीचा शिकवण्यासाठी मोठा उपयोग असा की त्यात मापं वेगळ्या फाइलमध्ये राहतात आणि रेषा सूत्राने काढायची असते. म्हणजे 'साडेतेवीस सेंटिमीटर' असं न लिहिता 'छाती भागिले चार, अधिक सैलपणा' असं लिहायचं. मुलांना हे पटत नाही, कारण आकडा टाइप करणं सोपं. म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी एक प्रयोग करते. सगळ्यांचा पाठीचा भाग काढून झाला की त्यांना मापांची फाइल बदलायला सांगते: स्वतःची काढा, शेजारणीची जोडा. ज्यांनी सूत्रं लिहिली त्यांचा अख्खा पॅटर्न डोळ्यांसमोर हलतो, खांदा सरकतो, मुंढा खाली येतो. ज्यांनी मध्येच कुठे आकडा टाइप केला त्यांची तेवढीच रेष जागची हलत नाही आणि गळा खांद्यापासून तुटल्यासारखा वाकडा होतो. चूक कुठे आहे हे मला सांगावं लागत नाही, ते स्वतःच बोट ठेवतात.

मुंढा आणि बाही: इथे घाई करू नका

सोळा आठवड्यांच्या सत्रातले तीन मी फक्त मुंढा आणि बाहीला देते. कुणाला जास्त वाटेल, मला कमी पडतात.

पहिलं काम मोजणं. मुंढ्याची वक्ररेषा पुढची किती, मागची किती, आणि बाहीच्या गोलाईची किती. सगळी लांबी शिलाईच्या रेषेवर, माया (शिलाईबाहेर ठेवलेलं जादा कापड) सोडून. मागच्या बॅचमधलं एक उदाहरण देते: पुढचा मुंढा २०.४ सेंटिमीटर, मागचा २१.१, मिळून ४१.५. बाहीची गोलाई ४३. म्हणजे दीड सेंटिमीटर जास्त. सुती ब्लाउजच्या साध्या बाहीला एवढं मला योग्य वाटतं. ते बोटांनी हलकं दाबत शिवता येतं आणि खांद्यावर बाही गोल बसते. त्याच बॅचमधल्या एका मुलाची गोलाई ४६.२ होती, जवळजवळ पाच सेंटिमीटर जास्त. सॉफ्टवेअरने त्याला काही हटकलं नाही. थ्रीडीमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या बाहुलीला कपडा घालून बघताना, त्याने बाही मुंढ्याला 'शिवली' तेव्हा प्रोग्रामने दोन्ही कडा निमूटपणे जुळवून टाकल्या आणि चित्र छान दिसलं. मांजरपाटावर मात्र खांद्यापाशी चुण्याच चुण्या. त्याने तीन वेळा उसवून शिवलं, त्याला वाटलं आपला हात वाईट आहे. हात उत्तम होता, कागद चुकला होता. मुलांच्या मनात ही गोष्ट साफ करणं फार गरजेचं आहे, नाहीतर शिवण चांगली असलेली मुलं उगीच खचतात.

दुसरं काम कागदावर चालवून पाहणं. पडद्यावर लांबी जुळली तरी हे टाळू नका. बाहीचा आणि पुढच्या भागाचा प्रिंट शिलाईच्या रेषेवर कापून घ्या. काखेच्या बिंदूपासून दोन्ही रेषा एकमेकींना टेकवा. पेन्सिलीचं टोक तिथे रोवा, दोन सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत वरचा कागद हळूच फिरवा, पेन्सिल उचलून पुढच्या ठिकाणी रोवा, परत फिरवा. असं करत खांद्यापर्यंत जा. जिथे बाहीवरची खाच (दोन भाग जुळवायची खूण) आहे तिथे मुंढ्यावरही खूण करा, आणि ती पडद्यावरच्या खुणेशी जुळते का बघा. पुढच्या बाजूला एक खाच, मागच्या बाजूला दोन. नाहीतर घाईत डावी बाही उजव्या मुंढ्याला लागते आणि कोपर पुढे घेताच पाठ ओढते.

काखेत दोन्ही भाग जोडल्यावर मुंढ्याची रेष तिथे टोकदार होते का, हेही याच वेळी पाहायचं. टोक आलं असेल तर रेष गोल करा. खांद्याच्या शिलाईवर गळा आणि मुंढा दोन्ही सलग वाहायला हवेत.

माया

सॉफ्टवेअर माया सगळीकडे सारखी लावून देतं, बहुधा एक सेंटिमीटर. गणवेशाच्या शर्टाला ते चालतं. ब्लाउजला चालत नाही. आपल्याकडे ब्लाउज दहा-दहा वर्षं वापरतात, अंग बदलतं, म्हणून बाजूच्या शिलाईत चांगली इंचभर माया सोडायची पद्धत आहे. गळ्याला मात्र पाव इंच पुरे, जास्त ठेवली तर पट्टी लावताना गोलाई ताठ होते. मुलांना प्रत्येक कडेसमोर आकडा लिहायला लावा आणि तो का, तेही सांगायला लावा.

बाहीच्या खालच्या दुमडीत नेहमी एक चूक होते. बाही खाली निमुळती असते. तीन सेंटिमीटर दुमड सरळ खाली वाढवली तर ती आत दुमडल्यावर कमी पडते आणि शिलाई तिथे आकसते. दुमड कशी पडते हे समजावण्यासाठी कागदाचा तुकडा घेऊन कड दुमडा, दुमडलेलाच कापा, आणि उघडा. खालच्या कोपऱ्याला दोन्हीकडे बाहेर झुकलेले छोटे कान दिसतात. हे कान एकदा हातात पाहिले की पडद्यावर कोपऱ्याचा प्रकार कशासाठी बदलायचा ते मुलं विसरत नाहीत.

प्रिंट काढण्याआधी

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. शिकवायला लागल्याचं दुसरं वर्ष होतं. चोवीस मुलांचे पॅटर्न मी स्वतः परगावी जाण्याआधी घाईघाईने प्रिंट करून ठेवले, ए-४ कागदांवर, एका ब्लाउजचे पंधरा-सोळा कागद. प्रिंटरची 'पानात बसवा' ही खूण चालू राहिली होती. सगळं ९७ टक्क्यांवर छापलं गेलं. सगळ्यांचे कागद एकाच प्रमाणात लहान झाल्यामुळे ते एकमेकांना बरोबर जुळत होते, चिकटवतानाही कुणाला शंका आली नाही. सैलपणा धरून ३८ इंचांचा ब्लाउज ३६.८६ झाला. चोवीसच्या चोवीस ब्लाउज साधारण इंचभर घट्ट. मुलांनी ते रात्री जागून शिवले होते.

तेव्हापासून पहिल्या पानावर १० सेंटिमीटरचा चौकोन असल्याशिवाय माझ्या वर्गात प्रिंट निघत नाही. आधी फक्त ते एक पान छापायचं. चौकोन स्टीलच्या पट्टीने उभा आणि आडवा दोन्ही मोजायचा. तो ९.७ आला तर थांबायचं. छपाईत 'मूळ आकार' किंवा १०० टक्के निवडायचं आणि परत मोजायचं. बरोबर आल्यावर बाकीची पानं. चौकोनाच्या शेजारी मोजणाऱ्याची सही आणि तारीख.

कापड ओळखायला सोनाराचा काटा

ट्रायलसाठी मांजरपाट आम्ही रविवार पेठेतून ताग्याने आणतो. आणल्या आणल्या त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पेनाने आखायचा, धुवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि चौकोन परत मोजायचा. उभ्या धाग्यात ४८.५ आला तर तीन टक्के आटलं. मग पॅटर्नची उंची ०.९७ ने भागायची. मुलं तीन टक्के मिळवतात. तीन टक्क्यांना फरक किरकोळ पडतो, पण आठ टक्के आटणाऱ्या कापडात मीटरला सात मिलिमीटरची चूक होते, म्हणून भागाकाराचीच सवय लावते.

थ्रीडी शिकवत असाल, तर मुलं कुठल्याही कपड्याला तयार यादीतलं 'कॉटन' लावतात आणि पडद्यावर दिसलेली चुणी खरी मानतात. हे थांबवायला मी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेतला. कापडाचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वजन करायचं, आलेल्या ग्रॅमला शंभरने गुणायचं. १.२ ग्रॅम भरला तर ते कापड चौरस मीटरला १२० ग्रॅमचं. मग त्याच कापडाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची आणि किती बाहेर आल्यावर ती मान टाकते ते पाहायचं. मांजरपाट, खण आणि अस्तराचं पातळ कापड अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी सरकवल्या की वर्ग एकदम शांत होतो. तिघींचं वाकणं इतकं वेगळं असतं. त्यानंतर थ्रीडीत कापडाचे आकडे भरताना मुलं विचार करतात.

थ्रीडी उपयोगी आहे. छपाईची नक्षी कुठे येईल, गळ्याची खोली कशी दिसेल, हे कापड न कापता कळतं, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. फिटिंगचा निकाल मात्र मी त्यावर देत नाही. ती बाहुली श्वास घेत नाही, हात वर करून रॅकवरचा डबा काढत नाही.

शिवण

ज्यांनी कधी मोटरची मशीन चालवली नाही त्यांना पहिले दोन तास दोरा न ओवता कागदावर चालवायला देते. सरळ रेष, चौकोन, मग मुंढ्याची गोलाई. पायाचा अंदाज आला की कापड. ट्रायलची टीप मोठी ठेवा, चार मिलिमीटर, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही. पक्क्या ब्लाउजला अडीच. आधी टक्स, मग खांदे, मग बाही उघड्या मुंढ्याला, आणि शेवटी बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत बाजूची एकच सलग शिलाई. प्रत्येक शिलाईनंतर इस्त्री. इस्त्री न करता पुढची शिलाई मारलेली मी तपासतच नाही.

ट्रायल: लाल पेन

मांजरपाटाचा ब्लाउज अंगावर घातला की मुलं लगेच टाचण्या लावायला धावतात. पाच मिनिटं नुसतं बघायला लावा. सरळ उभं राहा, बसा, हात वर, हात पुढे. ताणाच्या रेषा ज्या जागेकडे बोट दाखवतात, तिथे अडचण असते. मग लाल पेनाने कापडावरच लिहायचं: इथे एक सेंटिमीटर जास्त, इथे काचतं.

सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे पुढचा गळा उघडा राहणं. गळ्याच्या कडेला सैल भाग चिमटीत धरा, समजा एक सेंटिमीटर भरला. ही चिमट गळ्यापासून छातीच्या पॉइंटपर्यंत निमुळती जाते. आता कागदावर तिथे आणि खालच्या टक्सवर पॉइंटपर्यंत कापा, गळ्याची तेवढी पाचर बंद करा. खालचा टक्स आपोआप त्याच कोनाने जास्त उघडतो. छातीची जागा तशीच राहते, गळा अंगाला लागतो. हे एकदा कात्रीने केल्यावरच मी पडद्यावर टक्स फिरवायला शिकवते. उलटं केलं तर मुलं बटण दाबतात, पण कापड कुठे गेलं ते त्यांना कळत नाही.

आणि मग दुरुस्ती फाइलमध्ये. जुनी फाइल पुसायची नाही, नाव बदलून दुसरी करायची. शंभरपैकी चाळीस गुण मी पहिल्या आणि दुसऱ्या ट्रायलमधल्या फरकाला ठेवलेत. पहिली ट्रायल वाईट झाली म्हणून कुणाचे गुण जात नाहीत.

ग्रेडिंग, म्हणजे एका पॅटर्नवरून लहान-मोठ्या साइझ काढणं, मी सत्राच्या शेवटी आणि थोडकंच घेते. चार सेंटिमीटरची एक साइझ, म्हणजे पाव भागाला एक. एवढंच पाहा की मुंढा वाढला तशी बाहीही वाढली, प्रत्येक साइझला गोलाई परत मोजा.

कापड बेतायला मात्र मजा येते. पडद्यावर प्रोग्राम भाग कसेही फिरवून जागा वाचवतो. मी खण देते, अरुंद पन्ह्याचा, काठाचा. काठ बाहीच्या कडेला आलाच पाहिजे आणि पाठीला मध्यावर नक्षी जुळली पाहिजे. मग मुलं माउस सोडून कापड टेबलावर पसरतात आणि कागद सरकवत बसतात. शेवटी जमलेली मांडणी पडद्यावर उतरवतात.

शेवटचा ब्लाउज

परीक्षेचा ब्लाउज वर्गाबाहेरच्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईसाठी करायचा. आई, मावशी, आजी, घरमालकीण, कुणीही. माप हाताने घ्यायचं, फाइलमध्ये फक्त मापं बदलायची, एक ट्रायल, मग पक्का ब्लाउज. त्या बाईंनी तो दिवसभर घालून घरकाम करायचं आणि संध्याकाळी काय जाणवलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचं.

मागच्या वेळी एका मुलाने आजीचे शब्द आणले: "छान आहे, पोळ्या लाटताना काही नाही, पण फळीवरचं तूप काढताना अख्खा ब्लाउज वर चढतो." त्याने स्वतःच्या बुद्धीने मुंढा आणखी एक सेंटिमीटर खोल केला, म्हणजे काखेत मोकळं होईल. आजीचा दुसरा निरोप आला की आता जास्तच चढतो. तेव्हा आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. मुंढा खोल केला की काखेची शिलाई खाली जाते, बाहीची आतली बाजू आखूड पडते, हात वर गेला की ती बाजूच्या शिलाईला वर ओढते. मोकळीक हवी असेल तर मुंढा काखेच्या जवळ वर आणायचा, बाहीची गोलाई थोडी बसकी करायची आणि दंडाला रुंदी द्यायची. त्याने आधीचा एक सेंटिमीटर परत घेतला, वर आणखी दीड चढवला, गोलाई दोन सेंटिमीटरने उतरवली, मुंढा आणि बाही पुन्हा मोजली. फरक १.३ आला. चौकोन मोजून सही केली आणि तिसरा प्रिंट काढला.